पुशर बॉक्स चुकवतोय: दोष पीएलसीच्या स्कॅन टाइमचा की टायमरचा?

नवी_वायरिंग: गोदामातली सॉर्टिंग लाइन आहे. बारकोड स्कॅनरपासून ३ मीटरवर हवेचा पुशर. बेल्ट १.५ मीटर प्रतिसेकंद, म्हणून पीएलसीत (लाइन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकात) २ सेकंदांचा टायमर. माल कमी असताना व्हीएफडीवरून (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरून) वेग १.२ वर आणला की पुशर रिकाम्या जागेवर मारतो. स्कॅन टाइम (पीएलसीच्या प्रोग्रामची एक फेरी) १२ मिलिसेकंद. मोठा सीपीयू घ्यावा का?

लॅडरवाला: सीपीयूला हात लावू नका. १२ मिलिसेकंदांत बॉक्स १८ मिलिमीटर सरकतो, तेवढ्यानं नेम चुकत नाही. १.२ च्या वेगानं मात्र २ सेकंदांत बॉक्स २.४ मीटरच जातो, म्हणजे ६० सेंटिमीटर अलीकडेच. बेल्ट थांबला तरी टायमर आपला पळतोच!

वेळ नको, अंतर मोजा. २०० मिलिमीटर परिघाचं चाक आणि त्याच्या एका फेरीला १००० पल्स देणारा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) घ्या: पल्सला ०.२ मिलिमीटर, ३ मीटरला १५,००० पल्स. स्कॅनरजवळच्या फोटोसेन्सरवर बॉक्स आला की त्या क्षणाचा काउंट रांगेत टाका. त्यात १५,००० मिळवून येणाऱ्या आकड्यावर पुशर. कोणत्या लेनमध्ये ढकलायचं हे डब्ल्यूएमएसकडून (गोदामाच्या सॉफ्टवेअरकडून) मागाहून आलं तरी त्याच नोंदीत भरता येतं. वेळेत आलंच नाही तर बॉक्स सरळ रिजेक्ट लेनला सोडा. चाक बेल्टवरच टेकवा. एन्कोडर मोटरच्या शाफ्टला लावलात तर बेल्ट घसरला तरी पल्स येत राहतात.

चोवीस_व्होल्ट: एक भर. १.५ च्या वेगाला सेकंदाला ७,५०० पल्स, म्हणजे एका स्कॅनमध्ये ९०. लॅडरमध्ये (पीएलसीच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये) मोजता येणार नाहीत, स्कॅनची वाट न बघता मोजणारा हायस्पीड काउंटरच लागेल. पीएलसी सीमेन्स एस७-१२०० असेल तर इनपुट फिल्टर (फार छोटे सिग्नल गाळणारी सेटिंग) आधी बघा. तो मुळात ६.४ मिलिसेकंदांवर असतो, साधारण ७८ हर्ट्झच्या वरचं सगळं गिळतो. काउंटर शून्यावर बसून राहतो आणि लोक एन्कोडर बदलत बसतात. १० मायक्रोसेकंद ठेवा. मग गोंगाटही मोजला जातो, म्हणून शील्डेड केबल, आणि ती व्हीएफडीच्या मोटर केबलपासून लांब.

नवी_वायरिंग: पुशरला हालायला १२० मिलिसेकंद लागतात. १५,००० मधून १८० मिलिमीटर (९०० पल्स) वजा केले तर चालेल?

लॅडरवाला: १.५ लाच. १.२ ला तेच अंतर १४४ मिलिमीटर होतं, म्हणजे पुशर ३६ मिलिमीटर आधी मारेल. पुशरच्या सिलिंडरचा उशीर वेळेत असतो, अंतरात नाही, तेव्हा वजाबाकी चालू वेगावरून काढा. कॉम्प्रेसरचा दाब उतरला की १२० चे १५० होतात, तेही लक्षात असू द्या.

रांगेतला_भूत: बॉक्सची उघडी झडप सेन्सरसमोर फडफडली तर एका बॉक्सच्या दोन नोंदी होतात आणि मागचे सगळे एकेक घर सरकून चुकीच्या लेनमध्ये जातात. पहिल्या नोंदीनंतर १०० मिलिमीटर (५०० पल्स) नवी नोंद घेऊ नका. सर्वांत लहान बॉक्स त्याहून मोठा हवा. पुशरच्या आधी दुसरा फोटोसेन्सर लावा. अपेक्षित जागेच्या ५० मिलिमीटर पुढेमागे बॉक्स दिसला नाही तर ती नोंद टाकून द्या, कुणीतरी तो हातानं उचललेला असतो.