कुंडीतल्या अळूच्या वड्या घशाला खाजल्या, चुकलं कुठे?

बादलीतली_बाग
मे महिन्यात थोरल्या जाऊबाईंनी चिपळूणहून अळूचे चार कांदे दिले. रंगाच्या 20 लिटरच्या बादलीत लावले, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज तिथेच. आता श्रावणात पानं अशी माजलीत की गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही. रविवारी मोठी अकरा पानं काढून वड्या केल्या. चिंच संपलेली, म्हणून पिठात घातलीच नाही, नंतर वरून लिंबू पिळलं. उंडे इडलीपात्रात 12 मिनिटं वाफवले, कापून तळले. दिसायला झकास! पहिल्या घासाला सासरे काही न बोलता उठले आणि ताकाचा तांब्या घेऊन बसले. मुलगा म्हणाला, "आई, घशात सुया टोचतायत." नवरा मात्र सहा खाऊन मोकळा, त्याला काहीच नाही. पानंच वाईट की माझं काही चुकलं? कांदे उपटून टाकू?

परसातला_फणस
उपटू नका हो! आधी देठाचा रंग सांगा. वडीच्या अळूचा देठ काळपट जांभळा, पान गडद. देठ हिरवा असेल तर ते भाजीचं. आणि मुलगा अगदी बरोबर बोलला: अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात.

बादलीतली_बाग
देठ हिरवा. पानाला मिळतो तिथे टिकलीएवढा जांभळा ठिपका.

परसातला_फणस
मग भाजीचंच. त्याच्याही वड्या करतात लोक, पण भरवसा नाही.

पेठेतली_आजी
12 मिनिटांत पान नुसतं घाबरतं, शिजत नाही! उंडा जाड असेल तर चांगली 25 मिनिटं वाफ हवी. आणि लिंबू वरून पिळून काय उपयोग? आंबट पिठातच कालवायचं, चिंचेचा दाट कोळ नाहीतर आमसुलं.
तुमच्या पानांचं फदफदं, म्हणजे पातळ भाजी, करा. हाताला तेल लावून चिरा, नाहीतर हातही खाजतील. देठ सोलून, चिरून त्यातच. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे चार तास भिजलेले हवेत. सगळं कुकरला चार शिट्ट्या, मग डाळ-दाणे बाजूला काढून पानं पळीने घोटायची, अगदी गुळगुळीत. चमचाभर बेसन, कोळ, गूळ, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप आणि बाजूला काढलेले डाळ-दाणे घालून खळखळून उकळा. चुका ही आंबट पालेभाजी मिळाली तर पानांबरोबरच शिजवा. फोडणीत मेथीदाणे विसरू नका. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत हे नसलं तर व्याही रुसायचे.

गच्चीवरचा_माळी
देठ जास्त झाले तर देठी करा: उकडून, पिळून, दह्यात कालवायचे, वर जिरं-मिरचीची फोडणी. मी तर देठीसाठीच अळू लावतो, पानं शेजाऱ्यांना.

बादलीतली_बाग
आज केलं. आजी, तुमच्या शिट्ट्यांवर भरवसा नव्हता, दोन जास्तच दिल्या. सासऱ्यांनी आधी बोटभर चाटून पाहिलं, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले, मग वाटी पुढे केली. दोनदा. मुलगा अजून लांबूनच बघतोय. काळ्या देठाचा कांदा कुणी देईल का? कुरियरचा खर्च माझा.