दुपारी संगणक बंद पडतो: दोष रॅमचा आहे हे खात्रीने कसे ठरवावे?

प्रश्न (जॅकार्ड_सोलापूर):
नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा चादरी आणि टॉवेलचा लहान कारखाना आहे. टॅलीतील हिशेब आणि जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) नक्षीच्या फाइली, ही दोन्ही कामे कार्यालयातील एकाच संगणकावर होतात. त्यात डीडीआर४ प्रकारच्या ८ जीबीच्या दोन रॅम (मेमरीच्या पट्ट्या) आहेत. मार्चपासून, विशेषतः दुपारच्या वेळी, ब्लू स्क्रीन येऊन तो रिस्टार्ट होतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे लिहून येते, तर कधी दुसरेच काही. दुरुस्तीवाल्याच्या सल्ल्याने विंडोज दोनदा नव्याने टाकले, तरी फरक पडला नाही. विंडोजमधील मेमरीची तपासणीही केली. तिला दोष सापडला नाही.

गेल्या आठवड्यात मात्र मी खरोखर घाबरलो. मोराच्या नक्षीची फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली, तेव्हा मानेच्या गडद निळ्या रंगात एकच ठिपका पांढरा झाला होता. तो आमच्यापैकी कोणीही घातलेला नव्हता. बॅकअपच्या दोन झिप फाइलीही उघडत नाहीत. हा दोष रॅमचा की हार्डडिस्कचा? नवी रॅम घेण्यापूर्वी खात्री करून घ्यायची आहे.

प्रतिसाद (सात रस्ता):
आपण सांगितलेला ठिपका हाच सर्वांत बोलका पुरावा आहे. हार्डडिस्क आपल्या माहितीसोबत चुका ओळखण्याचे संकेतही साठवते, त्यामुळे तिचा एखादा भाग खराब झाला तर बहुधा फाइल वाचताच येत नाही. गुपचूप एक ठिपका बदलून ती फाइल परत देत नाही. घरगुती संगणकातील डीडीआर४ रॅमला मात्र अशी पडताळणी नसते. तिच्यातील एक बिट (माहितीचा सर्वांत लहान भाग, ० किंवा १) उलटला, तर चुकीची माहिती खरी समजून डिस्कवर लिहिली जाते. म्हणूनच विंडोज पुन्हा टाकणे हा यावर उपाय नव्हता. खराब रॅममधून जाताना विंडोजच्या नव्या फाइलीसुद्धा बिघडलेल्या असू शकतात.

विंडोजची तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ‘मेमटेस्ट८६+’ हे मोफत साधन पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करा. तो सुरू होत नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी साधनावरून संगणक सुरू होऊ न देणारी सोय, तात्पुरते बंद करा. एक्सएमपी (रॅमची गती वाढवणारे सेटिंग) चालू असल्यास तेही बंद करून रॅमला तिच्या मूळ गतीवर आणा, कारण काही रॅम केवळ वाढवलेल्या गतीवरच चुका करतात आणि मग ती बदलण्याची गरजच उरत नाही. चाचणी रात्रभर चालू द्या, आणि दुपारच्या उन्हातही एकदा लावा, कारण आपला दोष उष्णतेबरोबर वाढताना दिसतो. एकही चूक दिसली तरी निकाल ‘नापास’ समजावा. इथे ‘एवढे चालते’ असे काही नसते.

चुका दिसल्या की एक रॅम काढून दुसरी एकटीच तपासा, मग उलट करा. चूक रॅमबरोबर फिरत असेल, तर रॅम खराब. कोणतीही रॅम लावली तरी ठरावीक स्लॉटमध्येच चूक येत असेल, तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर यांकडे पाहावे लागेल.

प्रतिसाद (कन्ना चौक):
वरील सर्व मान्य. फक्त चाचणीपूर्वी रॅम एकदा काढून पुन्हा बसवा. यंत्रमागाजवळच्या संगणकांत कापसाची सूक्ष्म तूस स्लॉटमध्ये जाऊन बसते, हे मी अनेक कारखान्यांत पाहिले आहे. प्लग काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅमला हात घाला. ब्लोअरने तूस उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण मला ती पटत नाही: मुलामा झिजतो आणि रबराचे कण मागे राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे कापड वापरा. टॉवेल तर मुळीच नको. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या आणि खटका बसल्याचा आवाज ऐका.

जॅकार्ड_सोलापूर:
आपणा दोघांचे मनापासून आभार. साफसफाई करूनही चुका आल्या. एक रॅम दोन्ही स्लॉटमध्ये निर्दोष ठरली. दुसरी दोन्हीकडे नापास झाली आणि प्रत्येक लाल ओळीत फरक एकाच जागी होता: अपेक्षित ००००००००, प्रत्यक्षात ००००४०००. सध्या चांगल्या रॅमवर संगणक चालवत आहे. तीन दिवसांत एकदाही बंद पडला नाही. आता नवी घेताना काय पाहावे?

प्रतिसाद (सात रस्ता):
डीडीआर४ हाच प्रकार हवा. डीडीआर३ किंवा डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसणारच नाही. १.२ व्होल्ट आणि जुन्या रॅमएवढी गती, हे लेबलवर पाहून घ्या. पूर्ण जोडी एकाच पाकिटातील मिळाली तर उत्तम. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅम बहुधा एकत्र चालतात, पण त्या दोन्ही कमी गतीच्या रॅमशी जुळवून घेतात. स्लॉट चार असतील, तर दोन रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावण्याची शिफारस बहुतेक मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत असते. जुन्या रॅमचे स्टिकर काढू नका, वॉरंटी शिल्लक असल्यास त्यावरील क्रमांकच उपयोगी पडतो. नवी रॅमही वापरात घेण्याआधी त्याच चाचणीतून काढा.

रॅमपेक्षा मला आपल्या फाइलींची अधिक काळजी वाटते. मार्चपासून सेव्ह झालेली प्रत्येक नक्षी फेब्रुवारीच्या बॅकअपशी पडताळून पाहा आणि विंडोज आता एकदा निर्दोष रॅमवर पुन्हा टाका. टॅलीतील मार्चनंतरच्या नोंदी छापील बिलांवरून तपासाव्यात. मोराची फाइल दुरुस्त होईपर्यंत ती चादर मागावर चढवू नका.