जर्मन कीबोर्डनं वैताग आणलाय, उपाय सांगा

विश्रामबागकर:
मंडळी, मी सांगलीचा, सध्या म्युनिकला लेकीकडं आलोय. लॅपटॉप घरीच ठेवला, म्हटलं तिचा आहेच की. काल लाईटबिल भरायला बसलो, बँकेचा पासवर्ड घातला तर चुकीचा, परत घातला परत चुकीचा, तिसऱ्यांदा एकेक बटण सावकाश दाबलं आणि खातंच लॉक! मग भावाला मेल लिहायला घेतला तेव्हा उजेड पडला, 'येस' लिहिलं तर 'झेस' उमटतंय. पासवर्डात नुसते काळे ठिपके, कळणार कसं? ॲट द रेट तर सापडतच नाही, शिफ्ट धरून २ दाबलं की अवतरणचिन्ह येतं. पुढच्या आठवड्यात पॅरिसला जायचंय, तिथं तरी बरं असतं का?

राजवाडा_सातारा:
काका, जर्मनीत वाय आणि झेडची अदलाबदल असते. ॲट द रेट क्यूच्या बटणावरच बारीक छापलेलं दिसेल, स्पेसबारच्या उजवीकडचं ऑल्ट जीआर धरून क्यू दाबा, डावं ऑल्ट नको.
पॅरिसचं मात्र विचारू नका :) मी दोन वर्षं फ्रान्समध्ये काढलीत. तिथं ए-क्यू उलटे, झेड-डब्ल्यू उलटे, एम जाऊन एलच्या शेजारी बसलाय, वरच्या ओळीतल्या आकड्यांना शिफ्ट, पूर्णविरामाला पण शिफ्ट! ॲट द रेट शून्याच्या बटणावर, ऑल्ट जीआर धरून. पहिल्याच दिवशी फॉर्मवर सातारा टाईप केलं तर तिन्ही एचे क्यू झाले, आपलंच गाव वाचता येईना.

मिरजेची_मी:
काका, विंडोज असेल तर सेटिंगमधून इंग्लिश यूएस कीबोर्ड ॲड करा, मग विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की बदलतो. आणि पासवर्ड आधी युजरनेमच्या चौकटीत टाईप करून बघायचा, तिथं अक्षरं दिसतात, मग खोडून टाकायचा. हे घरच्या लॅपटॉपवरच हं, हॉटेलच्या कॉम्प्युटरवर बँक उघडूच नका.

टायपिंगवाले:
ताईंचं बरोबर, पण काका तुम्ही बघून टाईप करता का न बघता? बघून करणाऱ्यानं यूएस लावलं तर अजून घोटाळा, छापलंय एक नि उमटतंय भलतंच. क्लासला ए-एस-डी-एफ घोटलेल्यांनी खुशाल लावावं, बोटं आपोआप जातात. फक्त डावं शिफ्ट तिकडं आखूड असतं, शेजारी एक जादाचं बटण, करंगळी हमखास त्याच्यावर पडते आणि यूएसमध्ये तिथं बॅकस्लॅश उमटतो. पासवर्डात तो शिरला की बसा बोंबलत.

विश्रामबागकर:
मास्तर, इंग्लिश ४० चं सर्टिफिकेट आहे माझ्याकडं! यूएस लावलं, पळायला लागलं बघा, करंगळीचं पण अगदी खरं निघालं. फक्त परत जर्मन करायचं राहून गेलं, सकाळी लेकीनं साहेबांना मेल लिहिला आणि तिचेच वाय-झेड उलटले, तासभर बोलली नाही. लाईटबिल शेवटी शेजाऱ्यांनी भरलं. पॅरिसला मोबाईलवरच भागवतो आता.