रिकाम्या डी-कक्षेचा नियम आणि त्याच्या पळवाटा

‘डी-कक्षा (धातूच्या अणूतली इलेक्ट्रॉनची एक जागा) रिकामी असल्याशिवाय फेरोइलेक्ट्रिसिटी (स्वतःहून येणारं, उलटवता येणारं विद्युत ध्रुवीकरण, म्हणजे धन आणि ऋण भारांची फारकत) नाही, आणि ती अर्धवट भरल्याशिवाय चुंबकत्व नाही, म्हणून एकाच पदार्थात दोन्ही एकत्र अशक्य’ असा मुद्दा मांडला जातो, आणि तो बेरियम टायटॅनेटपुरता बरोबर आहे. तिथे टायटॅनियमची रिकामी डी-कक्षा ऑक्सिजनशी बंध जोडते आणि आयन केंद्रातून सरकतो. पण ध्रुवीकरणाला हा एकच रस्ता नाही.

बिस्मथ फेराइटमध्ये कामाची वाटणी आहे. बिस्मथची ६एस एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) ध्रुवीकरण घडवते, लोह चुंबकत्व सांभाळते. म्हणूनच ज्या तापमानांखाली हे गुण दिसतात तीही वेगळी: ध्रुवीकरणाचं साधारण ११०० आणि चुंबकत्वाचं ६४० केल्विन. यिट्रियम मँगनाइटमध्ये तर ऑक्सिजनचे पिरॅमिड कलतात आणि ध्रुवीकरण त्यांच्या मागून, जवळजवळ फुकटात येतं.

मला खरी गंमत वाटते ती टर्बियम मँगनाइटची (किमुरा, तोकुरा व सहकारी, २००३). ४१ केल्विनखाली मँगनीजचे स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) लाटेसारखे मांडले जातात, पण सगळे एकाच अक्षावर. सममितीचं केंद्र (ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात असा बिंदू) शाबूत, म्हणून ध्रुवीकरण शून्य. २८ केल्विनखाली तेच स्पिन चक्राकार फिरत जातात, केंद्र मोडतं आणि ध्रुवीकरण उगवतं! इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षेतली गती यांच्या जोडणीमुळे (या परिणामाचं नाव व्यस्त झ्यालोशिन्स्की-मोरिया परिणाम) शेजारच्या तिरक्या स्पिनांमधला ऑक्सिजन ढकलला जातो, असं एक स्पष्टीकरण आहे. इलेक्ट्रॉनमेघाच्या विस्थापनाचाही वाटा असतो.

ध्रुवीकरण मात्र बेरियम टायटॅनेटच्या शेकडोपट कमी, त्यामुळे लगेच मेमरी चिपची स्वप्नं नकोत. पण काही टेस्लांचं चुंबकीय क्षेत्र लावलं की ध्रुवीकरणाची दिशा ९० अंशांनी वळते, आणि हे बिस्मथ फेराइटला इतक्या सहज जमत नाही.