मदत हवी आहे: वाड्याचं दस्तऐवजीकरण, पैसे 'क्लायंटचं पेमेंट आल्यावर'

खापरी:
पेठेतल्या जुन्या वाड्याची मोजणी, नकाशे, फोटो आणि अहवाल, असं काम एका खाजगी सल्लागार कंपनीकडून मिळतंय. आम्ही तिघे, एमए पुरातत्त्व. मानधन एकरकमी, तेही 'क्लायंटकडून रक्कम मिळाल्यानंतर'. टोटल स्टेशनचं (मोजणीच्या यंत्राचं) भाडं आमच्याच अंगावर. सही करण्याआधी काय बदलून घ्यावं? युनियनचा काही उपयोग होतो का?

लेणेकर:
आधी ती अट खोडा. रक्कम टप्प्यांत मागा: २५ टक्के वर्क ऑर्डरसोबत, २५ मोजणी संपल्यावर, ३५ मसुद्याला, १५ अंतिम अहवालाला. शेवटचा हप्ता मोठा ठेवू नका, अहवाल तिथेच अडकतात. 'मंजुरीनंतर' नको, 'सादर केल्यापासून ३० दिवसांत' लिहून घ्या. मंजुरीला तारीख नसते. दुरुस्त्या दोनदा, तिसरीपासून दिवसाचा दर. भाडं आणि प्रवास वेगळ्या ओळीत, पावत्यांसह. मानधनात मिसळले तर त्यावरही टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला जातो. मसुदा पीडीएफमध्येच द्या. कॅड फाइल (नकाशाची मूळ, बदलता येणारी फाइल) शेवटचा हप्ता जमा झाल्यावर.

चुनागच्ची:
सहीच्या आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) करा. आधार-पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. वर्क ऑर्डर ज्याच्या नावाने, नोंदणी त्याचीच हवी. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, करारात जास्त मुदत असली तरी. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर. काम झाल्यावर नोंदणी केलीत तर वाद घालत बसाल.

युनियनचा अर्ज सात जण करू शकतात. सभासद मात्र कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातले जे कमी ते. तुमची अडचण त्याही आधीची आहे: सल्लागार म्हणून बिल लावणारा सहसा 'कामगार' धरला जात नाही. ब्रिटनमध्ये प्रॉस्पेक्ट युनियनची पुरातत्त्वज्ञांची शाखा आहे, कारण १९९० च्या नियोजन धोरणानंतर बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च विकसकावर पडू लागला आणि त्या पैशावर कंपन्या पगारी माणसं ठेवू लागल्या. आपल्याकडे शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकाभोवती पहिल्या १०० मीटरात नव्या बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. पण विकसकाने पदरमोड करून पुरातत्त्वज्ञ नेमावा अशी सरसकट सक्ती नाही. मग पगारी नोकऱ्यांसाठी पैसा येणार कुठून?

खापरी:
कंपनी म्हणते, टेंडरच तसं आहे, अट काढता येणार नाही.

लेणेकर:
मग अट राहू द्या, पुढे शेपूट जोडा: 'किंवा बिल सादर केल्यापासून ४५ दिवसांत, जे आधी होईल ते.' याला नकार आला तर आगाऊ रक्कम ५० टक्के मागा.