आमच्या गटासाठी २४ तासांची कॉमिक मॅरेथॉन भरवायची आहे, कशी आखावी?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमचा चित्रं काढणाऱ्यांचा गट आहे, अठरा-वीस जणांचा. त्यातले चार-पाच जण नियमित चित्रकथा करतात, बरेचसे फक्त स्केचबुक भरतात, आणि काहींनी आजवर एकही कॉमिक पूर्ण केलेलं नाही. करायचं मात्र त्यांच्या फार मनात आहे. सगळ्यांनी मिळून २४ तासांत २४ पानं काढायची अशी टूम निघाली आणि आखणी माझ्याकडे आली.

निम्मे जण एका खोलीत बसतील, बाकीचे आपापल्या घरून. काही कागदावर, काही टॅबलेटवर. नवख्यांनाही पूर्ण २४ तास बसवावं का? विषय आधी सांगावा का? नंबर काढावेत, बक्षीस ठेवावं, असं काहींचं म्हणणं आहे, त्याचं काय करू? आणि खरी काळजी ही की सुरुवातीला सगळे हौसेने बसतील, पण शेवटी जेमतेम तिघा-चौघांचं पूर्ण होईल आणि बाकीचे हिरमुसून परत कधी कॉमिकच्या वाटेला जाणार नाहीत. ज्यांनी असं काही भरवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शाईदौत

अशा मॅरेथॉन मी बऱ्याच भरवल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

या प्रकाराची सुरुवात स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकथाकाराने १९९० साली केली. स्टीव्ह बिसेट या चित्रकार मित्राला त्याने आव्हान दिलं की एका दिवसात एक पूर्ण कॉमिक करायचं, आणि दोघांनीही ते केलं. नियम असे: २४ पानं, सलग २४ तास, कथा-रेखाटन-शाई-अक्षरं सगळं त्यातच. आधी कथा ठरवायची नाही, पात्रं काढून ठेवायची नाहीत. कागद, पेनं, संदर्भाची चित्रं जमवून ठेवायला हरकत नाही. मध्ये डुलकी काढलीत तरी घड्याळ चालूच. पुढे २००४ मध्ये नॅट गर्टलर या कॉमिक लेखक-प्रकाशकाने यासाठी वर्षातला एक दिवस ठरवला आणि ठिकठिकाणचे गट एकाच वेळी बसू लागले.

तुमच्या काळजीचं उत्तर या जुन्या नियमांतच आहे. वेळेत पूर्ण झालं नाही तर काय, याच्या दोन रीती तेव्हापासून मानाने पाळल्या जातात. लेखक नील गेमनच्या रीतीने २४ तास झाले की जिथे असाल तिथे कथा संपवायची. चित्रकथाकार केविन ईस्टमनच्या रीतीने घड्याळ विसरायचं आणि २४ पानं होईपर्यंत उठायचं नाही. दोन्ही रीती सुरुवातीलाच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. शेवटच्या तासात सांगितल्या तर ती समजूत घालणं वाटतं. आधी सांगितल्या की तो नियम असतो.

नवख्यांसाठी माझं ठाम मत आहे: वेग तोच ठेवा, अंतर कमी करा. तासाला एक पान, पण ८ तास आणि ८ पानं. एक ए-फोर कागद आठ घरांत दुमडून मधल्या घडीवर एक चीर दिली की त्याचीच आठ पानांची पुस्तिका होते, आणि चित्रं कागदाच्या एकाच बाजूला येतात. ज्याने कधी कॉमिक पूर्ण केलेलं नाही त्याच्या हातात दिवसाअखेरीस दुमडलेलं, वाचता येणारं पुस्तक असतं. आणि या मंडळींना सुरुवातीला बसवू नका, शेवटच्या ८ तासांत बोलवा. सोळा तास झालेल्यांचे खांदे उतरलेले असतात; त्या वेळी ताज्या दमाची माणसं खोलीत आली की सगळी खोली पुन्हा कामाला लागते. शेवटची घंटाही सगळ्यांची एकदमच होते.

२४ पानं करणाऱ्यांनी ए-फाइव्ह आकारात काढावं. सहा ए-फोर कागद मधोमध दुमडले की बरोबर २४ पानं होतात. पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत लागतात, त्यामुळे कुणाला अर्धंच अंतर हवं असेल तर तीन कागद, १२ पानं. मोठ्या कागदाचा मोह आवरा. ए-फोरवरचं पान क्षेत्रफळाने दुप्पट, आणि ते भरायला तास तेवढाच.

पात्र निवडण्याआधी प्रत्येकाला एक हिशोब करायला लावा. पानाला चार चौकटी धरल्या तरी २४ पानांच्या ९६ होतात. नायकाला चौकड्यांचा शर्ट घातलात तर त्या चौकड्या ९६ वेळा काढाव्या लागतील. नाक, केस आणि एखादी ठळक खूण एवढ्यावर ओळखू येणारं पात्र घ्या. विसाव्या पानावरही ते त्याच्यासारखंच दिसलं पाहिजे.

विषय आधी सांगू नका. फ्रान्समध्ये अंगुलेम या गावी चित्रकथाकार लुईस ट्रोंदाइमने २००७ पासून अशी २४ तासांची बैठक सुरू केली, तिथे सुरुवातीच्या क्षणी एक अट जाहीर होते. आधी कुणी काही शिजवून ठेवलं नसल्याची खात्री आपोआप होते. आणि माझ्या मते 'मैत्री' किंवा 'पाऊस' असा विषय देण्यापेक्षा आकृतीची अट द्यावी: सगळी कथा एकाच खोलीत घडेल, किंवा पाचव्या पानापर्यंत एकही शब्द येणार नाही, किंवा प्रत्येक पानावर कुठेतरी शिडी दिसेल. विषय दिला की लोक विचार करत बसतात. शिडी काढायची म्हटलं की हात लगेच हलतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. गळती पहिल्या तासांत होत नाही आणि शेवटीही होत नाही, ती होते साधारण नवव्या ते सोळाव्या तासात. सुरुवातीची कल्पना संपलेली असते, शेवट दिसत नसतो, आणि आधीची पानं वाईट वाटू लागतात. यावर मला लागू पडलेला उपाय असा: बारावा तास लागला की सगळ्यांनी हातातलं पान बाजूला ठेवून शेवटचं पान काढायचं. चोविसावं पान, पूर्ण, शाईसकट. मग काम उरतं ते बाराव्या पानापासून तिथपर्यंत पोचण्याचं. पुढे कुणी सतराव्या पानावर थांबला तरी त्याच्या कथेला शेवट असतो, मधली पानं गाळून ती वाचता येते. ज्यांनी हे केलं त्यांच्यापैकी फार थोड्यांनी मला अर्धवट कथा दिली आहे.

अडकलेल्यांना हेही सांगा की पूर्ण पानभर एकच चौकट चालते, शब्दांशिवाय पान चालतं, नुसत्या सावल्यांची रात्र चालते. ही चोरवाट नाही. चित्रकथेत गती कमी करायची साधनं हीच आहेत, आणि अशी पानं पुष्कळदा त्या कॉमिकमधली सर्वात चांगली निघतात.

अक्षरांबद्दल एकच, पण ते महत्त्वाचं. आधी संवाद लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा लागते. आधी फुगा काढला की दुसऱ्या ओळीची वेलांटी पहिल्या ओळीच्या उकारात घुसते.

नंबर आणि बक्षीस नको. कशाचा नंबर काढणार? लवकर संपवल्याचा काढलात तर लोक काड्यांची माणसं काढतील, चांगल्या चित्रांचा काढलात तर नवखे पुढच्या वेळी येणारच नाहीत. आणि तुम्ही स्वतः त्या दिवशी चित्र काढू नका. दर तासाला कुणाचं पान कितवं हे एका वहीत टिपा, ती वही भिंतीवर लावू नका. दोन तास ज्याचं पान पुढे सरकलं नाही त्याच्याशेजारी जाऊन बसा, कथा विचारा. घरून बसलेल्यांना त्याच कारणासाठी फोन करा. मेसेज नको, फोन.

आडवी_रेघ

शाईदौत यांचं शेवटचं पान आधी काढण्याचं तंत्र मी या वेळी नक्की करून बघणार आहे.

मी शरीराबद्दल लिहिते, कारण याकडे आयोजकाचं लक्ष नसतं. दर तासाला पाच मिनिटं सगळ्यांना उभं करा, मनगट आणि अंगठा सैल सोडायला लावा. मनगटात कळ किंवा बोटांत मुंग्या आल्या तर त्या माणसाने थांबायचं, पानं कितीही राहिलेली असोत. डोळ्यांसाठी २०-२०-२० लक्षात ठेवायला सोपं आहे: दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं. टॅबलेटवाल्यांना तर हे हवंच. अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर त्यांना फक्त ८ पानांच्या फेरीत घ्या, तीही दिवसा.

आणि घरी जाण्याची सोय आधीच ठरवा. २४ तास जागलेल्या माणसाने गाडी चालवणं हे दारू पिऊन चालवण्याइतकंच धोक्याचं आहे. कोण कुणाला सोडणार, झोप झालेला चालक कोण, याची यादी सुरुवातीलाच करा. पहाटे कुणाचंच डोकं चालत नाही, तेव्हा "मी जाईन नीट" असं सगळेच म्हणतात.

तिरका_ठसा

बाकी सगळं पटलं, एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. ८ तासवाल्यांना शेवटी बोलावलं तर कथा कशी सुरू होते, पहिल्या तासात लोक कसे चाचपडतात, हे त्यांना दिसतच नाही. नवख्यांना धीर तिथेच येतो. जाणत्यांचंही पहिलं पान अडतं हे बघायला मिळणं मोलाचं आहे. माझ्या मते त्यांना पहिल्या तासाला बघायला बोलवा, मग घरी पाठवून शेवटी परत बोलवा.

टॅबलेट आणि कागद एकत्र खुशाल चालू द्या. एकदा काढलेली पार्श्वभूमी परत चिकटवायची की नाही यावर वाद होतो, तो सुरुवातीलाच मिटवा. मी परवानगी देतो, कारण कागदवाल्यालाही खाली दिवा ठेवून तेच चित्र गिरवता येतं.

पानं जमवताना: राखाडी छटा असतील तर ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके), नुसती काळी रेघ असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. फायलींना ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या, नाहीतर १ नंतर १० येतो आणि कथेचा विचका होतो. कडेला सेंटिमीटरभर समास सोडायला सांगा, छापताना आणि पिना मारताना लागतो. कॉमिकवर हक्क काढणाऱ्याचाच. गटाच्या पानावर टाकायचं तर प्रत्येकाला वेगळं विचारा, तेही झोप झाल्यावर. पहाटे दिलेला होकार मी धरत नाही.

पाटीपेन्सिल

मनापासून आभार. ठरलं: नंबर नाही, विषय नाही, अट त्याच क्षणी. ८ पानवाल्यांना तिरका_ठसा म्हणतात तसं दोनदा बोलावते. वही माझ्याकडेच राहील आणि मी पेन्सिल हातात धरणार नाही, हे जड जाणार आहे पण पटलंय.

एकच राहिलं. आमच्यातली एक मुलगी सुंदर काढते पण कुणाला दाखवत नाही. ती येईल, पूर्णही करेल, आणि कागद पिशवीत घालून निघून जाईल. तिला काही म्हणावं का?

शाईदौत

त्या दिवशी काहीच म्हणू नका. दाखवणं हा मॅरेथॉनचा भाग ठेवूच नका, काढणं एवढाच ठेवा. तिचं पान कितवं एवढंच विचारा. पान उलटं ठेवून नुसता आकडा सांगितला तरी वहीत नोंद होते.

तीन-चार दिवस मध्ये जाऊ द्या आणि मग वाचनाची वेगळी बैठक घ्या. सगळ्यांची कॉमिक टेबलावर मांडायची, नावं न घालता, आणि अर्धा तास कुणी बोलायचं नाही, फक्त वाचायचं. ज्याला ठेवायचं त्याने ठेवावं, नसेल ठेवायचं तर नुसतं वाचायला यावं. दुसऱ्यांची अर्धीमुर्धी, डाग पडलेली पानं लोक किती मन लावून वाचतात हे बघून पुष्कळ जण पिशवी उघडतात. तिने त्या दिवशी नाही उघडली तरी तिला पुढच्या फेरीचं बोलावणं सगळ्यांत आधी करा.

आणि तिरका_ठसा यांची दुरुस्ती मान्य. आमच्या पुढच्या बैठकीला मीही नवख्यांना पहिल्या तासाला बोलावणार.