मदत हवी आहे: घरच्या बिअरची बादली, तोटी, नळ्या सगळेच बदलावे काय?

रेडिंगकर
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो आणि घरी बिअर करतो. अलीकडच्या प्रत्येक घाण्यात एकच त्रास होत आहे: बाटली उघडताच निम्मी बिअर फेस होऊन बाहेर येते. सर्व साहित्य मी दर वेळी नीट धुतो आणि निर्जंतुकही करतो. आता प्लास्टिकचे सगळे टाकून स्टेनलेस स्टीलचे शंकूच्या बुडाचे पात्र घ्यावे, असे ठरवत आलो आहे. पुढचा घाणा शनिवारी घालायचा आहे. कोणते पात्र घ्यावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सातू
पात्र सुचवण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. फेस सगळ्या बाटल्यांना येतो की मोजक्यांना? मोजक्यांना येत असेल तर दोष त्या बाटल्यांमध्ये आहे. सगळ्यांना येत असेल तर तो बाटल्यांच्या आधी, म्हणजे आंबवण्याच्या पात्रात, नळीत किंवा बाटल्या भरण्याच्या बादलीत आहे. चव आंबट आहे काय? पृष्ठभागावर पांढरी साय धरली होती काय? बाटल्या भरताना हायड्रोमीटरवर घनता किती होती, साखर किती घातली आणि ‘नीट धुतो’ म्हणजे कोणत्या द्रव्याने, किती वेळ, तेही लिहावे.

पोलादी
धागाकर्त्यांचा विचार योग्य आहे. मी मिनेसोटात राहतो आणि प्लास्टिक सोडल्यापासून माझा हा त्रास संपला. प्लास्टिकवर घासणीचे सूक्ष्म ओरखडे पडतात, त्यांत जंतू थर करून राहतात आणि त्या थराच्या तळापर्यंत निर्जंतुक करणारे द्रव्य सहजी पोहोचत नाही. स्टील घासता येते, त्यात उकळते पाणी ओतता येते आणि ते आयुष्यभर टिकते. एकदाच खर्च करावा.

रेडिंगकर
फेस सगळ्याच बाटल्यांना येतो. चव आंबट नाही, साय नव्हती. बिअर अपेक्षेपेक्षा कोरडी आणि पातळ लागते, किंचित लवंगेसारखा वास येतो. धुण्यासाठी व्हीडब्ल्यूपी ही क्लोरीनयुक्त पूड वापरतो आणि नंतर नळाच्या पाण्याने खळबळतो. साखर तोलूनच घालतो, लिटरला ५ ग्रॅम. बादली जुनी नाही. मला केवळ पात्राबद्दल विचारायचे होते.

तांब्याचे वेटोळे
माझ्या मते वर्ट, म्हणजे यीस्ट घालण्यापूर्वीचा धान्याचा गोड अर्क, थंड होण्यास लागणारा वेळ हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. तांब्याचे वेटोळे उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत कढईतच सोडावे, म्हणजे ते आपोआप निर्जंतुक होते आणि नंतर त्यातून गार पाणी फिरवून वर्ट अर्ध्या तासात २० अंशांवर आणता येतो. वेटोळे हिरवट पडले असेल तर आधी व्हिनेगरने पुसून घ्यावे.

सातू
वेटोळ्याचा सल्ला चांगला आहे, परंतु दोष तिथला असता तर चवीत वेगळी खूण दिसली असती. रेडिंगकर, आंबटपणा नाही, साय नाही, पण बिअर कोरडी, पातळ आणि लवंगेच्या वासाची आहे, ही माहिती फार मोलाची आहे. घनता मात्र तुम्ही अजून सांगितलेली नाही. एक बाटली घ्या, बिअर दोन भांड्यांत वरखाली ओतून तिच्यातला वायू पूर्ण घालवा आणि मग मोजा. शिवाय या पात्रात पूर्वी कोणकोणती यीस्ट वापरली, तेही सांगा.

दूधप्रक्रिया
मी सांगलीकडे दुग्धप्रक्रियेत नोकरी केली आहे, म्हणून स्वच्छतेच्या क्रमाविषयी लिहितो. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन निराळी कामे आहेत. दुधाच्या नळ्यांत आधी कोमट पाणी, मग गरम अल्कली, मग पाणी, मग आम्ल, पुन्हा पाणी आणि वापरापूर्वी अखेरीस जंतुनाशक, असा क्रम असतो. कारण अल्कलीने प्रथिने आणि स्निग्धांश सुटतात, पण क्षारांचा खडा सुटत नाही, त्याला आम्लच लागते. बिअरच्या पात्रातही कॅल्शियम ऑक्झलेटचा असाच खडा बसतो आणि तो पुसला न गेल्यास त्याखाली जंतू सुखरूप राहतात. मी तर कॉस्टिक सोडाच सुचवेन.

पोलादी
घरात कॉस्टिक सोडा सुचवणे मला मान्य नाही. त्याने कातडी आणि डोळे भाजतात आणि ॲल्युमिनियमची कढई खाल्ली जाते. सोडियम परकार्बोनेट आणि मेटासिलिकेट असलेले पीबीडब्ल्यूसारखे द्रव्य कोमट पाण्यात रात्रभर ठेवले की तेच काम होते.

दूधप्रक्रिया
हातमोजे आणि चष्मा वापरल्यास कॉस्टिकचे भय कमी होते, परंतु घरात मुले असतील तर तुमचे म्हणणे मी मान्य करतो. एक इशारा मात्र सर्वांसाठी: व्हीडब्ल्यूपी किंवा ब्लीच यांसारखे क्लोरीनयुक्त द्रव्य आम्लाच्या संपर्कात कधीही येऊ देऊ नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींच्या मध्ये भरपूर पाण्याने धुणे अत्यावश्यक आहे.

रेडिंगकर
मोजले. बाटल्या भरताना घनता १.०१० होती, आता १.००४ आहे. यीस्ट नेहमीचे, एल प्रकारच्या बिअरचे इंग्लिश जातीचे आहे. उन्हाळ्यात मात्र याच बादल्यांत फ्रेंच यीस्ट घालून सेझॉन ही कोरडी बिअर केली होती आणि त्रास त्यानंतरच सुरू झाला.

सातू
मग शंका बरीचशी मिटली. सेझॉनची बरीच यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारची असतात. ती ग्लुकोअमायलेज नावाचे विकर बाहेर सोडतात आणि नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन या पिष्टमय पदार्थांची साखर करून हळूहळू फस्त करतात. म्हणून आंबवण थांबल्यासारखे वाटते, घनता स्थिर दिसते, आपण बाटल्या भरतो आणि ते बाटलीत सुरूच राहते. कोरडेपणा आणि लवंगेचा वास त्याच जातीच्या खुणा आहेत.

पात्राआधी बाटल्यांकडे लक्ष द्या. घनता एका अंशाने, म्हणजे ०.००१ ने, उतरली की द्रवाच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुमच्या ५ ग्रॅम साखरेचा वायू धरून, वर ६ अंशांचा म्हणजे द्रवाच्या तिपटीएवढा वायू त्या बाटल्यांत कोंडला आहे. साधी काच हे सोसेल, असे धरू नका. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून सर्व बाटल्या शीतकपाटात ठेवा, पूर्ण गार झाल्यावर बुचे सैल करून वायू जाऊ द्या आणि तोवर त्या खोलीत मुलांना जाऊ देऊ नका.

आता साहित्य, कारण ते यीस्ट त्याच्या फटींत दडून पुढच्या घाण्यात येते. नळ्या, सायफनचा रबरी पडदा आणि तोटी विनाचर्चा टाकून द्यावी, त्यांची किंमत फार नाही. मात्र टाकण्यापूर्वी तोटी सुटी करून पाहा. ती एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांची असते आणि गरम पाण्यात ठेवून आतले नळकांडे मागून ढकलले की निघते. बादली एचडीपीई या प्लास्टिकची असेल आणि आत ओरखडे नसतील, तर परकार्बोनेटने धुऊन ७० अंशांचे पाणी अर्धा तास भरून ठेवा; यीस्ट त्या तापमानाला टिकत नाही. पीईटी प्लास्टिकचे (पाण्याच्या बाटलीसारखे) पात्र असेल तर हा उपाय करू नये, ते त्याच्या अलीकडेच वाकू लागते.

पोलादी
इतका खटाटोप करण्यापेक्षा स्टील घेतले तर हा प्रश्नच उरणार नाही.

सातू
उरेल. स्टीलच्या पात्रालाही व्हॉल्व्ह, रबरी कडी आणि नळ्या असतातच, आणि बॉल व्हॉल्व्हच्या चेंडूमागे जमलेला गाळ पात्र कितीही चकचकीत असले तरी तिथेच राहतो. स्टील मी स्वतः वापरतो आणि ते मला आवडते, परंतु दोष तोटीत असण्याची शक्यता असताना ते या धाग्याचे उत्तर ठरत नाही.

पोलादी
व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी सुटे करावे लागतात, हे खरे आहे. तरीही गरम पाण्याचा निर्धास्त वापर स्टीलमध्येच करता येतो, यावर मी ठाम आहे.

रेडिंगकर
तोटी सुटी केली. दोन नळकांड्यांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत थर होता आणि त्याला तोच लवंगेचा वास होता. भरण्याच्या बादलीला आतून ओरखडे आहेत, म्हणून ती आणि सर्व नळ्या टाकत आहे. आंबवण्याची बादली गुळगुळीत आहे, ती गरम पाण्याने वाचवतो. बाटल्या गार करून बुचे सैल केली आहेत. निर्जंतुक करण्यास स्टार सॅन हे आम्लयुक्त द्रव्य मागवले आहे, पण आमचे पाणी फार कठीण आहे. चालेल काय?

दूधप्रक्रिया
कठीण पाण्यात ते द्रावण गढूळ होते आणि त्याची आम्लता घटते. क्षारविरहित पाण्यात लिटरला दीड मिलिलिटर घालावे. ते बरेच दिवस टिकते. शनिवारचा घाणा मात्र पुढे ढकलावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बादली धुऊन झाल्यावर थोडा वर्ट उकळून गार करावा, बादलीत सर्व बाजूंनी फिरवावा आणि निर्जंतुक काचेच्या बरणीत ओतून सैल झाकणाने उबेत ठेवावा. तोच उकळलेला वर्ट बादलीला न लावता दुसऱ्या बरणीत ठेवावा. तीन-चार दिवसांत पहिल्या बरणीत बुडबुडे आले आणि दुसरीत आले नाहीत, तर बादलीही टाकावी.

रेडिंगकर
शनिवारी घाण्याऐवजी या दोन बरण्याच भरतो. निकाल इथेच लिहीन. तोटी विकत घेताना सहज सुटी होणारी कोणती घ्यावी, हे कुणास माहीत असल्यास सांगावे.